जास्तीची साडेचार मिनिटं

2005 सालची गोष्ट आहे, पुण्यात सदाशिव पेठेत एका छोट्या दुकानात मी कॅसेटवरून सीडी करून द्यायचं काम करायचो. एक कॅसेट डेक, एक पीसी, त्यात आवाज एडिट करायचं कूल एडिट आणि सीडी लिहायचं नीरो, आणि कोपऱ्यात एक जुना कॅसिओ कीबोर्ड. कामाचा मुख्य वैताग एकच, तो म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट आणि ऐंशी मिनिटांची सीडी. साठची कॅसेट आली की जीव भांड्यात पडायचा.

एक आजोबा आले, हातात नव्वदची कॅसेट. 1986 साली त्यांच्या वाड्यातल्या गणपतीत आजींचं गाणं झालं होतं, त्याचं घरच्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ-कम-टेपरेकॉर्डरवर केलेलं रेकॉर्डिंग. आता आजींना पंच्याहत्तर पूर्ण होणार होती, पाहुण्यांना एकेक सीडी वाटायची, चाळीस नग. मी कॅसेट पूर्ण पीसीत भरून घेतली. ए साइड 43 मिनिटं, बी साइड साडेएक्केचाळीस, म्हणजे साडेचौऱ्याऐंशी. सातशे एमबीच्या ब्लँक सीडीवर बसतात 79 मिनिटं 57 सेकंद. साडेचार मिनिटं बाहेर!

मी म्हणलं आजोबा, दोन सीडी करू, कॅसेटलाही दोन बाजू आहेतच की. तर म्हणे कव्हरं छापून झालीत, आणि पिशवीतून काढून दाखवलीच, चाळीस कव्हरं, एका सीडीची. मग सुरुवातीचं प्रास्ताविक काढूया का, चार मिनिटं तिथेच वाचतात. आजोबांनी चष्मा वर केला. "प्रास्ताविक हिच्या भावजींचं आहे. ते काढलंत तर ते जेवायलासुद्धा थांबायचे नाहीत."

एमपी थ्री सीडी केली असती तर बारा तास मावले असते, पण निम्म्या नातेवाईकांकडे जुने प्लेअर, त्यावर ती चालत नाही. बाजारात नव्वद मिनिटांच्या ब्लँक सीडी मिळायच्या, त्या मी आधी एकदा वापरून हात पोळून घेतलेले, गिऱ्हाइकाच्या गाडीतला प्लेअर ती सीडी घ्यायचाच नाही. त्यांच्या वर्तुळांची दाटी ठरल्यापेक्षा जास्त असते, कुठला प्लेअर सांभाळून घेईल याचा नेम नाही.

त्यात आजोबांचा इंजिनिअर भाचा आलेला. तो म्हणे रेकॉर्डिंग एका माइकवरचं मोनो आहे, म्हणजे जागा अर्धीच लागेल. फाइल अर्धी होते हे खरं, पण ऑडिओ सीडीवर डावा उजवा दोन्ही चॅनल लिहावेच लागतात, मोनो दिलंत तर तेच दोनदा लिहिलं जातं. त्यावर त्याची दुसरी आयडिया, ए साइड डाव्या चॅनलला घाला, बी साइड उजव्याला, 43 मिनिटांत सगळं आटोपतं. हिशेब चुकत नव्हता हो, पण चाळीस घरांत डाव्या स्पीकरमधून यमन आणि त्याच वेळी उजव्यातून भैरवी, आणि कोण बॅलन्सचं बटण फिरवत बसणार? त्याला हेही पटत नव्हतं की आठशे एमबीची वेव्ह फाइल, म्हणजे न आवळलेला ऑडिओ, सातशेच्या सीडीत मावते. मावते, कारण डेटा लिहिताना दर सेक्टरला, म्हणजे सीडीवरच्या प्रत्येक छोट्या कप्प्याला, 2352 पैकी 2048 बाइट्सच कामाला येतात, बाकीच्यांत मुख्यतः चुका दुरुस्त करायची सोय असते, ऑडिओला ते सगळेच्या सगळे वापरतात. असो, त्याला पटवण्यात माझा अर्धा तास गेला आणि गाणं एक सेकंदही कमी झालं नाही.

शेवटी मी जे केलं ते सांगायला जरा लाज वाटते. कूल एडिटमध्ये टाइम स्ट्रेच नावाचा प्रकार होता, सूर तसाच ठेवून गाणं आवळता यायचं. गरब्याच्या सीडींना मी हे सर्रास करायचो, नाचणाऱ्याला काय कळतंय. इथेही साडेपाच टक्क्यांच्या जरा वर आवळलं, 79:45 झाले, गुपचूप. आणि दुसऱ्या दिवशी आजोबा आजींनाच घेऊन आले, ऐकायला.

आजींनी हेडफोन लावला. यमनचा ख्याल, विलंबित. दोन आवर्तनं ऐकली असतील नसतील, म्हणाल्या, "ठेका आता नीट आहे. घरी ऐकते तेव्हा रडत रडत जातो." माझ्या पोटात गोळा. म्हणजे आवळलेलं यांना कळलं, आणि वर आवडलं? मग म्हणतात, "पण सूर का उतरलाय? मी आयुष्यभर काळी चारात गायले. ही पेटी पांढरी पाचात बोलतेय."

मी कॅसिओ ओढला. काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी दाबली, जुळेना. तिच्या डावीकडची पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी दाबली, चपखल. बरोबर एक पट्टी खाली. गळा एक वेळ उतरेल, पण पेटी कशी उतरेल?

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रेकॉर्ड करताना टेप जोरात पळत असणार, म्हणून आमच्या बरोबर स्पीडच्या डेकवर सगळं सावकाश आणि खालच्या सुरात वाजत होतं. डेकच चुकत नाहीये ना म्हणून दोन-तीन विकतच्या कॅसेट लावून पाहिल्या, त्या पट्टीला पक्क्या. आजोबा म्हणाले, त्या टू-इन-वनची मोटर गणपतीच्या आधीच बदलून आणली होती. मोटरच्या मागे एक बारीक भोक असतं, आत स्क्रू, त्यावर स्पीड लागतो. मेकॅनिकनी अंदाजाने पिळला असेल, तो टू-इन-वन केव्हाच भंगारात गेलाय. मी आणखी एक बघितलं, रेकॉर्डिंगमध्ये मागे विजेची घूं असते ना, ती 50 हर्ट्झवर असायला हवी. ग्राफवर दोन खांब दिसले, एक 50 ला म्हणजे आमच्या डेकचा, दुसरा 47 च्या आसपास. नुसत्या या 47 वर मी विसंबलो नसतो म्हणा, त्या काळी ग्रिडची फ्रिक्वेन्सीच पन्नासच्या खाली जायची. पेटीची साक्ष जास्त पक्की.

आवळलेली फाइल टाकून दिली. मूळ फाइल घेतली आणि सूर आणि वेळ दोन्ही एकत्र वर नेले, एक पट्टी म्हणजे सहा टक्क्यांना जरासं कमी. 84:30 चे झाले 79:45. सीडीवर बारा सेकंद शिल्लक! भावजींसकट सगळं बसलं. म्हणजे मी ज्याला कुठून कापू म्हणत होतो ती साडेचार मिनिटं त्या संध्याकाळी कुणी गायलेलीच नव्हती.

तरी एक गोची उरली होती. नऊ ट्रॅक पाडले होते आणि नीरो ट्रॅक ॲट वन्सला, म्हणजे एकेक ट्रॅक सुटा लिहिताना, दोन ट्रॅकच्या मध्ये दोन-दोन सेकंद घालायचा, आठ ठिकाणी सोळा सेकंद, म्हणजे परत बाहेर. डिस्क ॲट वन्स, म्हणजे अख्खी सीडी एका दमात लिहायचं लावून गॅप शून्य केल्या, टाळ्याही मधेच तुटल्या नाहीत. आठच्या स्पीडला चाळीस सीडी, त्यात दोन फुकट गेल्या.

आजींनी परत ऐकलं. या वेळी बोलल्या काहीच नाहीत, हाताने मांडीवर ताल धरला होता, आणि भैरवीला एका जागी चेहरा वाकडा करून म्हणाल्या, "इथे मी चुकलेय, ते काढता येतं का रे?" मी नाही म्हणलं.

आजोबांनी पाकीट काढलं. भरून घ्यायचा दर आमचा मिनिटावर होता. "साडेचौऱ्याऐंशीचे सांगितले होतेत," ते म्हणाले, "आता तर ऐंशीसुद्धा भरत नाहीत." ऐंशीचेच घेतले.

रात्री शटर ओढल्यावर मागच्या वर्षभराच्या फाइली काढून बसलो, घरगुती रेकॉर्डिंगं जवळपास साठ होती. पेटी असलेल्या पहिल्या चार ऐकल्या. दोन कुठल्याच पट्टीत बसत नव्हत्या.