हिवाळ्यासाठी खिडकीतली बैठक

नाशिकच्या थंडीत खिडकीतली बैठक सजवायची, तर आधी खिडकीची दिशा पाहावी, असे माझे ठाम मत आहे. 22 डिसेंबरच्या सुमारास येथे सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे 47 अंशच वर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत शिरते, आणि ऐन मे महिन्यात सूर्य माथ्यावर आल्यामुळे हीच खिडकी फारशी तापत नाही.

आमच्या खिडकीचा कट्टा शहाबादी फरशीचा आहे. दगड अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून त्यावर आधी सतरंजी, मग कापसाची पातळ गादी आणि सर्वांत वर आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी अंथरली आहे. कडेपासून मध्याकडे आत आत सरकत गेलेला तिचा धावदोरा, मध्येच दिसणारा हिरव्या काठाचा विटका तुकडा आणि वापरून वापरून आलेला मऊपणा यांपुढे बाजारातली मखमली उशी मला फिकी वाटते. पाठीशी लोड ठेवला आहे आणि पायांवर घ्यायला सोलापुरी चादर आहे.

पडदे मात्र जाडच असावेत. दिवसभर ते पूर्ण सरकवून ऊन आत घ्यावे आणि दिवेलागणीला लगेच ओढावेत, कारण रात्री काचेतून बरीच उष्णता बाहेर जाते. चौकटीच्या फटीही डिसेंबरपूर्वीच बुजवून घ्याव्यात. तेथून येणारी झुळूक नेमकी मानेला लागते.