आमची वाटचाल : अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘ओटी’ करारांवर उभं राहिलेलं काम

डेट्रॉइटच्या उपनगरात आमचा छोटा कारखाना आहे. गिअरबॉक्सच्या बेअरिंगची थरथर मोजणारे सेन्सर आणि त्यावरून बिघाडाची आगाऊ सूचना देणारं सॉफ्टवेअर, हा आमचा माल. सुरुवातीची गिऱ्हाइकं कागद आणि सिमेंटचे कारखाने. आज बरंचसं काम लष्करी वाहनांसाठी चालतं, आणि ते नेहमीच्या सरकारी कंत्राटातूनही आलेलं नाही, ग्रँटमधूनही नाही. अमेरिकी कायद्यात ‘अदर ट्रान्झॅक्शन’ नावाची वेगळी वाट आहे. धंद्यात सगळे तिला ‘ओटी’ म्हणतात. इथले मराठी उद्योजक तिच्याबद्दल विचारत असतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

या वाटेचं मूळ नासाच्या १९५८च्या कायद्यात आहे. संरक्षण खात्यात ती १९८९मध्ये ‘डार्पा’ या त्याच्या संशोधन संस्थेमार्फत आली, आर्थिक वर्ष १९९४च्या कायद्यातल्या कलम ८४५मुळे प्रोटोटाइपसाठी खुली झाली आणि आर्थिक वर्ष २०१६च्या कायद्याने कायमची झाली. आता अमेरिकी कायदेसंहितेच्या लष्करविषयक भागातलं, म्हणजे टायटल १०मधलं, कलम ४०२१ संशोधनासाठी आणि ४०२२ प्रोटोटाइपसाठी आहे. इथे सरकारी खरेदीची ‘फार’ ही नियमावली लागत नाही आणि पेटंटच्या मालकीचा बाय-डोल कायदाही लागत नाही. छोट्या फर्मला हे सोयीचं वाटतं आणि ते आहेही. पण नियमावलीतून आपोआप मिळणारं संरक्षणही त्याबरोबर जातं. करारात जे लिहून घेतलं नाही, ते आपलं नाही.

पात्रतेत छोट्यांची बाजू भक्कम आहे. प्रोटोटाइप ओटीत एरवी एकतृतीयांश खर्च सरकारबाहेरून आणावा लागतो. मात्र सगळे मुख्य सहभागी लहान उद्योग किंवा ‘नॉन-ट्रॅडिशनल’ असतील, किंवा एखादी नॉन-ट्रॅडिशनल फर्म कामात भरीव वाटा उचलत असेल, तर ही अट सुटते. सरकारी कॉस्ट अकाउंटिंगचे पूर्ण नियम लागू असलेलं कंत्राट ज्यांनी मागच्या वर्षभरात केलेलं नाही, ते नॉन-ट्रॅडिशनल. बहुतेक लहान फर्म यात बसतात. म्हणूनच मोठ्या कंपन्या आपल्याला जोडीला घ्यायला येतात. तेव्हा आपला वाटा नेमका कोणता, ते प्रस्तावातच लिहून घ्यावं. त्यांच्याकडून येणाऱ्या सबकॉन्ट्रॅक्टमध्ये सवयीने ‘फार’ची कलमं चिकटवलेली असतात. मूळ ओटीत ती नसतील तर एकेक करून काढायला लावावीत.

कागदपत्रांत आधी सॅम-डॉट-गव्ह या सरकारी संकेतस्थळावरची पुरवठादार म्हणून नोंदणी. ती फुकट असते, दरवर्षी नवी करावी लागते. फर्मचं नाव आणि पत्ता कर खात्याकडच्या नोंदीशी अक्षरशः जुळला पाहिजे; ‘इन्क’च्या आधीच्या स्वल्पविरामावरूनही केज कोड, म्हणजे पुरवठादाराचा सरकारी ओळख क्रमांक, अडकू शकतो. मग विषयानुसार कन्सॉर्टियमचं, म्हणजे ज्याच्यामार्फत ओटीची कामं दिली जातात त्या संघाचं, सदस्यत्व, लहान फर्मला बहुधा काही शे डॉलरचं. तिथे आधी काही पानांचा व्हाइट पेपर जातो, पसंत पडला तर पूर्ण प्रस्ताव. निवड झाली तरी पैसे लगेच येतीलच असं नाही. प्रस्ताव ‘बास्केट’मध्ये ठेवून निधी मिळाल्यावर उचलला जातो, तेव्हा त्या भरवशावर माणसं घेऊ नयेत. संरक्षण खात्याच्या डीआययू (डिफेन्स इनोव्हेशन युनिट) या संस्थेचा मार्ग आणखी आटोपशीर: पहिली फेरी ५ पानं किंवा १५ स्लाइडची.

सगळ्यात जास्त डोकं लावावं ते माइलस्टोनवर, म्हणजे कामाच्या टप्प्यांवर. बहुतेक ओटी ठरीव रकमेचे, टप्प्यावर पैसे देणारे असतात. समजा टप्पा लिहिला, ‘वाहनावर चाचणी यशस्वी’. वाहन लष्कराचं, ते सरावाला गेलं की तुमची चाचणी थांबते आणि बिलही थांबतं. म्हणून सेन्सर पोचवणं आणि बेंच चाचणीचा अहवाल देणं हा एक टप्पा, वाहन हाती आल्यापासून ठरावीक दिवसांत बसवून मोजमाप देणं हा दुसरा. वाहन वेळेत आलं नाही तर टेस्ट रिगवरचं मोजमाप चालेल, हे वाक्यही हवंच. ३८९९९ जातीचे लष्करी कनेक्टर कधीकधी कित्येक महिन्यांनी मिळतात, तेव्हा त्यांची खरेदी पहिल्याच टप्प्यात धरावी.

चाचण्यांत हमखास अडवणारी म्हणजे एमआयएल-एसटीडी-४६१ या लष्करी मानकातली आरई१०२. उपकरणातून बाहेर पडणारे रेडिओ तरंग तिच्यात मोजतात. सर्किट नीट असूनही नापास होण्याचं नेहमीचं कारण केबलच्या टोकाला असतं: शील्डची (केबलभोवतीच्या धातूच्या आवरणाची) जाळी पिळून, तिची शेपटी करून कनेक्टरला जोडलेली असते. ती दोन-तीन सेंटिमीटरची तार अँटेनासारखी वागते. उपाय म्हणजे बॅकशेलमध्ये, म्हणजे कनेक्टरच्या मागच्या धातूच्या कवचात, जाळी चहूबाजूंनी गोल आवळून बसवणं. औपचारिक चाचणीआधी लॅबमध्ये प्री-स्कॅन करून घ्यावा, आणि त्याचे पैसे मागणारा वेगळा टप्पा करारात घालावा. मान्य होतो.

डेटा हक्कांच्या, म्हणजे सॉफ्टवेअर आणि माहिती सरकारला कितपत वापरता येईल याच्या, वाटाघाटीला बसण्याआधी यादी तयार ठेवावी: कोणता अल्गोरिदम आपल्या पैशाने आधीच बनला, कोणता या करारात बनणार, कोणता इंटरफेस सरकारला पूर्ण खुला देणार. सह्या झाल्यावर ही यादी वाढवणं फार कठीण. प्रस्तावासोबतची व्यावसायिक माहिती गोपनीय म्हणून चिन्हांकित केली, तर माहिती अधिकाराखालच्या मागणीपासून तिला ५ वर्षं कायद्याचं संरक्षण मिळतं.

आता मराठी मंडळींनी खास लक्ष द्यावं अशी गोष्ट. ओटी लवचीक असला तरी निर्यात नियंत्रणाचा ‘आयटार’ कायदा तिळभरही सैल होत नाही. पुण्यातल्या ऑफिसला ड्रॉइंग पाठवणं ही निर्यात झाली, आणि इथेच शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एच-१बी इंजिनिअरला ते दाखवणं हीसुद्धा. परवाना घेतल्याशिवाय दोन्ही चालत नाही. ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नाही. या कामासाठी वेगळा ड्राइव्ह, प्रवेशाची लेखी यादी, आणि सर्व्हरचं ॲडमिन काम भारतातून होत नसल्याची खात्री, एवढं पहिल्याच दिवशी हवं.

शेवटी उत्पादन. प्रोटोटाइपसाठी स्पर्धा घेतलेली असेल आणि काम यशस्वी ठरलं असेल, तर पुढची ऑर्डर नव्या स्पर्धेशिवाय देता येते. छोट्या फर्मसाठी खरा धंदा तोच. २०१८मध्ये ‘जीएओ’ या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने ओरॅकलची तक्रार उचलून धरली आणि रीन क्लाउड या कंपनीला दिलेला उत्पादन करार अडला, मूळ करारात पुढच्या उत्पादनाची तरतूदच नव्हती, हे एक कारण. कायदा नंतर थोडा सैल झाला आहे. तरी आम्ही दोन वाक्यांशिवाय सही करत नाही: पुढील उत्पादन करार देता येईल हे एक, आणि ‘यशस्वी’ म्हणजे कोणते आकडे, ते ठरवणारं दुसरं.