घसा दुखतोय, अँटिबायोटिक आजच हवं का?

मुलाचा घसा दुखत असेल तर घशात टॉर्च मारायच्या आधी त्याच्या नाकाकडे बघा. नाक वाहतंय, शिंका येतायत, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल झालेत, यातलं दोन-तीन काही असेल तर दुखणं व्हायरसचं धरून चाला. मग घसा कितीही लालभडक दिसो, अँटिबायोटिकचा विषय बहुतेक वेळा तिथेच मिटतो.

५ ते १५ वर्षांच्या ज्या मुलांना घशासाठी डॉक्टरांकडे आणलं जातं, त्यांच्यातल्या साधारण २० ते ३० टक्के मुलांच्या घशात स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू सापडतो. डॉक्टर त्याला नुसतं 'स्ट्रेप' म्हणतात. बाकीचे जवळजवळ सगळे घसे व्हायरल. तीन वर्षांखालच्या मुलांत स्ट्रेपचा घसा क्वचितच होतो, आणि पुढची गुंतागुंत त्याहून क्वचित.

स्ट्रेपची चाल वेगळी असते. सकाळी खेळणारं मूल संध्याकाळपर्यंत तापाने फणफणतं, थुंकी गिळतानाही तोंड वाकडं करतं. डोकं दुखतं, पोट दुखतं, एखादी उलटी होते. सर्दी-खोकला मात्र नसतो. जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या पुढच्या बाजूला, बोटाने दाबलं की दुखणाऱ्या गाठी लागतात. टॉन्सिल सुजलेले, कधी त्यांवर पांढरा-पिवळा पू, टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. अंगावर सँडपेपरसारखं खरखरीत लागणारं पुरळ आलं असेल तर संशय आणखी बळावतो.

डॉक्टर यातल्या चार गोष्टी मोजतात: ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप, खोकला नसणं, मानेत पुढे दुखऱ्या गाठी, आणि टॉन्सिल सुजलेले किंवा त्यांवर पू. प्रत्येकाला एक गुण. वय ३ ते १४ असेल तर आणखी एक. एकूण शून्य किंवा एक आला तर तपासणीचीही गरज नसते. गंमत अशी, की चार-पाच गुण मिळवणाऱ्या मुलांतही स्ट्रेप निघतो तो निम्म्याच्या आसपासच. म्हणजे अनुभवी डॉक्टरने घसा बघून 'बॅक्टेरियल आहे' म्हटलं तरी तो अंदाजच असतो.

दोन गोष्टी हमखास फसवतात. एक, पांढरे डाग. पू दिसला म्हणजे बॅक्टेरिया, असं वाटतं, पण अॅडिनोव्हायरस अगदी तसाच पांढरा थर आणतो. दुसरी, तापाचा आकडा. १०३ ताप व्हायरसलाही येतो, आणि तीन-चार दिवस राहतोही. शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक, हा तर अजूनच जुना गैरसमज.

शंका खरी असेल तर थ्रोट स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घशातला नमुना, घ्यावा. स्वॅब दोन्ही टॉन्सिलवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर नीट घासावा लागतो. मूल तोंड मिटतं, काडी जीभेला आणि गालाला लागून परत येते, आणि अशा स्वॅबचा 'निगेटिव्ह' रिपोर्ट फार कामाचा नसतो. रॅपिड टेस्ट काही मिनिटांत उत्तर देते. ती पॉझिटिव्ह आली तर सहसा खरी असते, पण स्ट्रेप असलेल्या १०० मुलांपैकी साधारण १४-१५ तिच्यातून निसटतात. म्हणून मुलांमध्ये ती निगेटिव्ह आली तर कल्चर लावायची, म्हणजे स्वॅबवरचा जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायची, पद्धत आहे; त्याला एक-दोन दिवस लागतात. स्वॅब औषधाचा पहिला डोस देण्याआधी घ्यायचा. नंतर घेतला तर जंतू असूनही उगवत नाही.

एएसओ नावाची रक्ततपासणी मात्र आजच्या घशासाठी निरुपयोगी आहे. ती वाढायला आठवडाभर लागतो आणि शिखर गाठायला तीन ते सहा आठवडे. वाढलेला एएसओ सांगतो तो पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाबद्दल. तो आकडा उतरवण्यासाठी औषध देणं म्हणजे सापाऐवजी भुई धोपटणं.

'कल्चरची वाट बघत बसलो आणि काही झालं तर?' ही भीती प्रत्येक आईवडिलांना असते. स्ट्रेपमध्ये अँटिबायोटिक देण्याचं मुख्य कारण आहे रूमॅटिक फीवर. यात जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. तो टाळायला औषध घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांच्या आत सुरू झालं तरी पुरतं. म्हणजे मूल पाणी पीत असेल, श्वास नीट असेल, तर दोन दिवस थांबून खात्री करायला भरपूर जागा आहे. रात्री अकराला औषधाचं दुकान गाठायची गरज नाही. घरात कुणाला रूमॅटिक फीवर होऊन गेला असेल, किंवा जिथे तो अजून बऱ्यापैकी आढळतो अशा भागात राहत असाल, तर मात्र डॉक्टर कमी संशयावरही अँटिबायोटिक सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे.

दुखणं लवकर थांबावं म्हणून अँटिबायोटिक देत असाल तर अपेक्षा बेताची ठेवा. फरक पडतो तो सरासरी १६ तासांचा. काहीही न देता बहुतेक घसे आठवड्याभरात बरे होतात. खरा आराम वेदनाशामकाने मिळतो, आणि तेच नेमकं कमी मात्रेत दिलं जातं. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये किमान ४ ते ६ तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. १६ किलोच्या मुलाला २४० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर हे ५ मिलिलिटरला किंचित कमी. १२० मिलिग्रॅमचं असेल तर १० मिलिलिटर. बाटलीवरचा आकडा न वाचता 'एक चमचा' देणाऱ्या घरात अर्धाच डोस पोटात जातो, आणि मग 'पॅरासिटामॉलने उतरत नाही' म्हणून पुढच्या औषधाची मागणी होते. अॅस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. मध एक वर्षाखाली नाही. गुळण्या ज्याला खरंच जमतात त्यालाच. लहान मूल ते पाणी गिळतं.

स्ट्रेप नक्की झाला तर औषध साधंच आहे: पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन. रुग्णांत सापडणारा हा जंतू आजवर पेनिसिलिनला दाद देईनासा झालेला नाही. इतक्या वर्षांनंतर असं म्हणता येईल असे जंतू फार थोडे. अमॉक्सिसिलिनची मात्रा दिवसाला किलोमागे ५० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १००० मिलिग्रॅम, एकदम किंवा दोन वेळांत विभागून, १० दिवस. पुढचा हिशेब मनाने औषध सुरू करायला नाही, हातातली चिठ्ठी वाचता यावी म्हणून देतोय. तेच १६ किलोचं मूल: दिवसाला ८०० मिलिग्रॅम, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ४००. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचं सस्पेन्शन (पावडर पाण्यात कालवून केलेलं औषध) असेल तर दर वेळी ८ मिलिलिटर. दहा दिवसांचे झाले १६० मिलिलिटर. आता बाटली ३० मिलिलिटरची असेल तर ती दुसऱ्या दिवशीच संपणार. 'बाटली संपली, ताप उतरला, कोर्स झाला' अशी समजूत इथेच होते. किती बाटल्या लागतील हे पहिल्याच दिवशी मोजून घ्या.

पावडर कालवतानाही चूक होते. आधी बाटली हातावर आपटून तळाची पावडर मोकळी करायची. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घालून हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत भरून पुन्हा हलवायचं. एका दमात भरलं तर फेसामुळे पातळी वर दिसते, पाणी कमी पडतं आणि औषध ठरल्यापेक्षा दाट होतं. दर वेळी देताना बाटली हलवली नाही तर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे जाड. कालवलेलं औषध किती दिवस टिकतं ते लेबलवर असतं, कुठे ७ दिवस, कुठे १४. म्हणून पुढची बाटली आधीची संपल्यावरच कालवा. मोजायला सिरिंज किंवा खुणांचं माप. घरातला चमचा ३ मिलिलिटरचाही निघतो आणि ७ चाही. डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं तर तो पुन्हा द्यायचा का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. विसरलेला डोस आठवल्यावर द्या, पण दोन डोस एकत्र करू नका.

तीन दिवसांची अझिथ्रोमायसिन सोयीची वाटते, चवीलाही बरी, म्हणून लोकप्रिय आहे. पण स्ट्रेप तिला दाद न देण्याची उदाहरणं बरीच आहेत, आणि ती मुळात पेनिसिलिनची खरी अॅलर्जी असलेल्या मुलांसाठी राखायची, तीही पाच दिवस. क्लॅव्युलनेट जोडलेल्या अमॉक्सिसिलिनचाही साध्या स्ट्रेपमध्ये उपयोग नाही. क्लॅव्युलनेट ज्या एन्झाइमला अडवतं ते या जंतूकडे नसतंच. जुलाब मात्र वाढतात. आमच्या मते सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे तपासणी न करता दोन-तीन दिवस 'हलकंसं' अँटिबायोटिक. व्हायरस असेल तर फुकट, स्ट्रेप असेल तर अपुरं, आणि नंतरचं कल्चरही बिघडलेलं.

औषध लागू पडलं तर दोन दिवसांत ताप उतरायला हवा. नाही उतरला तर अँटिबायोटिक बदलण्याआधी निदान तपासायला हवं. काही मुलांच्या घशात स्ट्रेप नुसता वस्तीला असतो, त्रास देत नाही. अशा मुलाला व्हायरल घसा झाला की टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि औषधाचा गुण काही दिसत नाही. किंवा तो ग्रंथिज्वर नावाचा व्हायरल आजार असतो, ज्याला डॉक्टर 'मोनो' म्हणतात. त्यात अमॉक्सिसिलिन दिलं तर अंगभर लाल पुरळ उठू शकतं. ही सहसा पेनिसिलिनची अॅलर्जी नसते, पण फाइलवर तसा शिक्का बसला की आयुष्यभर चांगलं औषध हातातून जातं. पुरळ कितव्या दिवशी, कसं आलं, खाज होती का, श्वास लागला का, हे लिहून ठेवा आणि फोटो काढा.

पहिल्या डोसनंतर १२ ते २४ तासांत मूल सहसा दुसऱ्यांना संसर्ग देण्याचं थांबतं. ताप नसेल तर शाळा चालेल. कोर्स संपल्यावर बरं वाटत असेल तर पुन्हा स्वॅब नको.

लाळ गिळता येत नाही म्हणून ती तोंडातून गळतेय, तोंड उघडत नाही, आवाज तोंडात गरम घास असल्यासारखा येतोय, मान ताठ आहे, श्वास घेताना घुरघुर होतेय, आठ तासांत लघवी नाही, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता इस्पितळ गाठा. अशा मुलाच्या घशात चमचा घालून बघायचा प्रयत्न करू नका. सूज असेल तर श्वास बंद होऊ शकतो. लसी अपुऱ्या असतील आणि टॉन्सिलवर चिकटून बसलेला राखाडी पडदा दिसला, तर घटसर्पाचा विचार त्याच दिवशी व्हायला हवा.

घसा बरा झाल्यावर एक ते पाच आठवड्यांत लघवी कोऱ्या चहासारखी झाली, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली, किंवा आज गुडघा तर परवा घोटा असं दुखणं सांध्यांतून फिरू लागलं, तर डॉक्टरांना आधी घशाबद्दल सांगा. तोवर घरातले सगळे तो घसा विसरलेले असतात, आणि नुसत्या पायदुखीवरून तो प्रश्न कुणी विचारेलच असं नाही.