शेवाळ घासायचे पैसे

आमच्या फर्मचं पहिलं बिल अजून फाइलला लावलेलं आहे. कामाच्या रकान्यात एकच शब्द: 'सफाई'. ठाण्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात अडीचशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक होता. दोन क्लाउनफिश, थोडे मऊ कोरल, आणि दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ, इतकं की पेशंटना ते मुद्दाम लावलंय असं वाटायचं. दर रविवारी मी आणि धाकटा भाऊ जायचो, टूथब्रशने दगड घासायचो, थोडं पाणी बदलायचो, पैसे घेऊन यायचो. पुढच्या रविवारी शेवाळ हजर. खरं सांगतो, तेव्हा ते बरंच वाटायचं. शेवाळ आहे तोवर काम आहे.

त्याआधी ९ वर्षं मी घरोघरी पिण्याच्या पाण्याचे आरओ दुरुस्त करायचो. म्हणून टँकचं पाणीही घरच्या आरओचे कॅन भरून न्यायचो आणि वर तोरा, की आम्ही नळाचं पाणी वापरत नाही. सहाव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "अहो, पण हे दर आठवड्याला येतं कुठून?" घरी येऊन कॅनमध्ये टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, बुडवला. ५५. नळाचं ७० होतं! घरगुती आरओत पाण्याला चव राहावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळायचा स्क्रू असतो. तो मी शेकडो स्वयंपाकघरांत स्वतः फिरवलेला, आणि नेमका आपल्याच मशीनचा विसरलो. टँकमधून उडतं ते नुसतं पाणी. उडालेल्याच्या जागी भरलेल्या पाण्याबरोबर, म्हणजे टॉप-अपबरोबर, आलेलं फॉस्फेट, नायट्रेट, सिलिकेट मागेच राहतं आणि रोज थोडं थोडं साठतं. आम्ही रविवारी शेवाळ काढत होतो आणि जाता जाता त्याला खत घालत होतो.

स्क्रू बंद केला, आरओच्या मेम्ब्रेननंतर, उरलेले क्षारही धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचा सिलिंडर बसवला, मीटर शून्यावर आला. शेवाळ मात्र लगेच हललं नाही, कारण दगडात मुरलेलं फॉस्फेट सावकाश सुटत राहतं. तीन महिने गेले. त्यात रिसेप्शनवरच्या ताई फ्रोझन खाद्याचे क्यूब वितळलेल्या पाण्यासकट ओतायच्या. त्यांना एक चहाची गाळणी नेऊन दिली: खाद्य गाळून घ्या, गोड्या पाण्याने विसळा, मग टाका. आमच्या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त उपकरण तेच.

मग टँक स्वच्छ झाला आणि आमची पंचाईत झाली. "आता तर घासायला काहीच नाही, मग दर रविवारी कशाला?" डॉक्टरांचं चुकत नव्हतं. शेवाळ काढायचे पैसे मागता येतात, ते न येण्याचे कसे मागायचे? बायकोने उपाय काढला. तिने टँकशेजारी एक वही टांगली: तारीख, क्षारता, नायट्रेट, फॉस्फेट, टॉप-अपचा टीडीएस. बिलावर 'सफाई'च्या जागी 'पाणी तपासणी व देखभाल' आलं आणि दर आठवड्याऐवजी महिन्यातून दोन फेऱ्या ठरल्या. दोन गिऱ्हाइकं गेली. एकाने तोंडावर सांगितलं, "नळीत थेंब टाकून रंग बघायचे कसले पैसे?"

वहीमुळे आम्हीही बहकलो. आकडा जितका खाली तितकं आपलं काम चोख, अशी समजूत झाली. पवईच्या एका घरी फॉस्फेट शोषणारं आयर्नचं मीडिया (लोहाचे दाणे) भरपूर भरलं, खाद्य कमी करायला लावलं. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य. पंधरा दिवसांत वाळूवर तपकिरी, शेंबडासारख्या तारा, त्यांत हवेचे बुडबुडे. गोगलगाई पटापट मेल्या. ते डायनोफ्लॅजेलेट होते, एकपेशी सूक्ष्म जीव. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट काहीच उरलं नाही की इतर जीव मागे पडतात आणि यांना रान मोकळं मिळतं. मीडिया काढलं, पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा बसवला, तीन दिवस अंधार केला आणि खाद्य वाढवलं. काकू वैतागल्या: "आधी घाण काढायचे पैसे घेतलेत, आता घाण टाकायचे?" त्या महिन्याचं बिल आम्ही लावलं नाही. तेव्हापासून नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या मध्ये राहिलं की आम्ही हात लावत नाही.

अधूनमधून कोणीतरी विचारतं, "मालवणहून कोरलचा दगड आणून द्याल का?" नाही. २००१ पासून आपल्या समुद्रातलं प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आम्ही कोरडा दगडच लावतो. त्यावर सुरुवातीला काही आठवडे डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर, येतात. ते आपोआप जातात, पण गिऱ्हाइकाचा धीर त्याआधी जातो. हे आता आगाऊ रक्कम घेण्याआधीच सांगतो.

सध्या १९ टँक आहेत, माणसं आम्ही तिघं. मोठ्या टँकांच्या खालच्या फिल्टरच्या टाकीत (तिला सम्प म्हणतात) चीटो नावाचं शेवाळ आम्हीच वाढवतो, रात्री दिवा लावून, आणि त्याने नायट्रेट-फॉस्फेट खाल्लं की महिन्याला मूठभर उपटून टाकतो. वाशीच्या एका टँकमध्ये मात्र ब्रायॉप्सिस नावाचं पिसासारखं शेवाळ घुसलंय. ते आकड्यांना जुमानत नाही. त्यावर फ्लुकोनाझोल चालतं, माणसाच्या बुरशीवरचंच औषध, हे ऐकून टँकचे मालक, स्वतः त्वचेचे डॉक्टर, खो खो हसले. औषध टाकून आज आठवा दिवस. टोकं पांढरी पडायला लागलीत असं भाऊ म्हणतोय, फोटोत मला तरी तसं दिसत नाही. गुरुवारी मी जाऊन बघणार आहे.