पुण्याहून सोलापूर, व्हाया चिपी आणि मोपा

पुण्याहून सोलापूरला जायला हुतात्मा एक्स्प्रेसला चार तास लागतात. मला दोन दिवस लागले, आणि तेही विमानानं.

गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या जत्रेला, मी दरवर्षी जातो. सिद्धरामेश्वरांची यात्रा, संक्रांतीचे नंदीध्वज, आत्याकडची कडक भाकरी नि शेंगाचटणी, हे चुकवून चालत नाही. यंदा मात्र डोक्यात किडा वळवळला, की सोलापूरच्या विमानतळावर एकदा उतरायचंच. पुण्याहून थेट विमान नाही. पण पुण्याहून सिंधुदुर्गातल्या चिपीला आहे, आणि चिपीपासून गाडीनं दीड-दोन तासांवरच्या गोव्यातल्या मोपाहून सोलापूरला आहे. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. आत्याला फोन केला तर म्हणाली, "गोव्यावरनं सोलापूरला येतोस? शुद्धीवर आहेस नव्हं?"

लोहगावच्या पुणे विमानतळाबद्दल फार लिहीत नाही, पुणेकरांनी आधीच पुरेसं बोलून ठेवलंय. नवं टर्मिनल जुलै २०२४मध्ये सुरू झालं आणि जुन्यातली ती बसस्टँडसारखी गर्दी जरा सैलावली. धावपट्टी मात्र हवाई दलाची. आपण तिथं पोटभाडेकरू. बसमधून विमानाकडे जाताना एक सुखोई उडालं आणि छातीत ढोल वाजल्यासारखं झालं. शेजारच्या आजोबांनी शांतपणे कानावरची मफलर घट्ट केली. रोजचाच सराव दिसला.

आमचं विमान एटीआर. पंखे असलेलं, सत्तरेक जागांचं. यात चढायचं मागच्या दारानं, सामान जातं पुढं, पायलटच्या पाठीमागच्या कप्प्यात. पंख खिडकीच्या वरून जातात, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. मोठ्या जेटमध्ये ढग बघायला मिळतात, इथं मुलूख बघायला मिळतो. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय डोंगरांच्या बोटांमध्ये अडकलेला दिसला, मग घाट एकदम तुटला आणि खाली कोकण.

चिपीचा विमानतळ सड्यावर आहे. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो : सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, पावसाळ्यात फुलांनी भरतं आणि जानेवारीत तव्यासारखं तापतं. कोकणात अडीच किलोमीटर सपाट जागा हवी तर सड्यावरच जावं लागतं. ९ ऑक्टोबर २०२१ला याचं उद्घाटन झालं तेव्हा मुंबईचं विमान सुरू झालं, 'उडान' योजनेतलं. या योजनेची मेख अशी, की साधारण अर्ध्या जागा ठरलेल्या स्वस्त दरात विकायच्या, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, आणि कंपनीला येणारी तूट सरकारनं भरायची. पण फक्त तीन वर्षं. चिपीला ती तीन वर्षं ऑक्टोबर २०२४मध्ये पुरी झाली आणि मुंबईचं ते विमान थांबलं.

आम्ही उतरलो त्या दिवशी टर्मिनलमध्ये प्रवाशांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. बाहेर मोजून चार गाड्या. मी ज्यांच्या गाडीत बसलो त्या काकांना विचारलं, धंदा कसा काय? म्हणाले, "इमान इलां तर भाडां, नायतर काजीच्या सावलेत झोप." वेंगुर्ल्यात मुक्काम केला. रात्री सुरमई खाल्ली. तिच्याबद्दल लिहायला बसलो तर विमानं राहतील बाजूला.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडी, बांदा करत मोपा. हद्द ओलांडली की लगेचच. हाही पठारावरचाच विमानतळ, पण इथं पार्किंगमध्येच तीन वळणं चुकलो. मनोहर पर्रीकरांचं नाव दिलेला हा विमानतळ ५ जानेवारी २०२३ला सुरू झाला, आणि माझ्या मते चिपीचं खरं दुखणं तेच आहे. सावंतवाडीच्या माणसाला दिल्लीला जायचंय, तर तो मोपालाच येणार. एकाच पट्ट्यात दोन सडे, दोन धावपट्ट्या, आणि बहुतेक विमानं एकाच ठिकाणी. पार्किंगमधल्या सिंधुदुर्गच्या एम.एच. ०७ पाट्या मोजायला घेतल्या होत्या. वीसपर्यंत गेलो आणि सोडून दिलं.

मोपाहून विमान ईशान्येला वळलं. हिरवा रंग पाच मिनिटांत संपला. डाव्या हाताला दूर कोल्हापूर असणार असा अंदाज बांधला. उजळाईवाडीची धावपट्टी राजाराम महाराजांच्या काळातली, १९३९ सालची. संस्थानाला तेव्हा विमानतळ बांधावासा वाटला, आणि स्वतंत्र भारतात त्याच धावपट्टीवर कित्येक वर्षं नियमित विमान नव्हतं. आता तिथं पन्हाळ्याच्या कमानींची आठवण करून देणारं टर्मिनल आहे. नांदेडची विमानसेवाही अशीच येत-जात राहिली. २७ एप्रिल २०१७ला 'उडान'चा नारळ फुटला, तेव्हा पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमानाला झेंडा दाखवला होता. जिल्ह्याच्या पुरवण्या उघडून बघा : विमानसेवा 'सुरू', 'बंद', 'पुन्हा सुरू', 'लवकरच'. एसटीच्या मुक्कामी गाडीचंसुद्धा एवढं कधी होत नाही.

कृष्णा ओलांडली, ऊस विरळ झाला, काळी रानं आणि जोंधळा आला, आणि माझं लक्ष खिडकीला चिकटलं. कारण मला एक न दिसणारी गोष्ट बघायची होती.

सोलापूरबाहेरच्यांना हा किस्सा सांगायलाच हवा. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या शेजारी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना. त्याच्या सहवीज (उसाच्या चोथ्यावर वीज बनवणाऱ्या) प्रकल्पाची चिमणी सुमारे ९० मीटर उंच, आणि विमान उतरण्याच्या वाटेतच. विमानसेवा हवी म्हणणारे एका बाजूला, कारखाना जगवा म्हणणारे ऊसउत्पादक दुसऱ्या बाजूला. मोर्चे झाले, कोर्ट झालं, वर्षानुवर्षं चाललं. गावात एकच वाक्य : चिमणी उडाल्याशिवाय विमान उडत नाही. शेवटी १५ जून २०२३ला ती पाडली. मी पुण्यात मोबाइलवर बघत होतो. ती एका अंगाला कलली आणि धुळीत बसली. आत्याच्या दिरांचा ऊस त्याच कारखान्याला जायचा. ते त्या दिवशी जेवले नाहीत असं आत्या सांगते.

त्यानंतरही दोन वर्षं गेलीच. ९ जून २०२५ला गोव्याचं विमान आलं, ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. मुंबईच्या मार्गावरची तूट राज्य सरकारनं भरून द्यायचं ठरवलंय. त्या भरपाईची मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न चिपीहून आलेल्या माणसाच्या मनात येणारच.

विमान खाली येऊ लागलं. एटीआरची चाकं पोटाच्या बाजूनं बाहेर येतात, माझ्या खिडकीतून ती सरळ दिसली. कारखान्याची पत्र्याची छपरं आली, उसाच्या बैलगाड्या आल्या, आणि जिथं चिमणी असायची तिथं नुसती हवा. मला वाटलं होतं आनंद होईल. झालाही. पण आत्याच्या दिरांचं न जेवणंही त्याच क्षणी आठवलं. मग चाकं टेकली आणि मागच्या रांगेतून कोणीतरी जोरात म्हणालं, "आलं की बे सोलापूर!" आख्खं विमान हसलं.

लहानपणी आम्ही सायकली घेऊन याच कुंपणाशी यायचो. आत गवत वाढलेलं असायचं. कोणी मंत्री येणार असला की हेलिकॉप्टर दिसायचं, तेवढंच. आता विमानातून उतरून टर्मिनलपर्यंत चालत गेलो, बॅग पाच मिनिटांत हातात आली. बाहेर कुंपणाला लागून तीन पोरं उभी होती, सायकली घेऊन. त्यांना विमानाचं फार अप्रूप नव्हतं. मोठा पंखा कधी फिरायचा थांबतो त्यावर त्यांची पैज लागली होती.

आत्या रिक्षा घेऊन न्यायला आली होती. "किती पडले सगळे मिळून?" मी आकडा सांगितला. तिनं रिक्षावाल्याकडे बघितलं, रिक्षावाल्यानं माझ्याकडे.

"आणि जायचं कसं?"

परतीचं तिकीट मी आधीच काढून ठेवलं होतं. हुतात्मा, पहाटेची, खिडकीची जागा.