सिमला ऑफिसच्या सिग्नलला

सोमवार, रात्री साडेअकरा

लेकीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात सिमला ऑफिसच्या सिग्नलला होतो. "बाबा, सिस्सूहून परततोय. अटल बोगद्यातून बाहेर आलो आणि गाड्या हलतच नाहीयेत. खूप बर्फ पडतोय. चार्जिंग कमी आहे, ठेवते." मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा कळलं, सिग्नल कधीचाच हिरवा झालाय.

घरी हिचा पहिला प्रश्न: स्वेटर घातलाय ना?

हिमाचलातल्या त्या बोगद्याचं कौतुक मीच तिला ऐकवलं होतं. ९.०२ किलोमीटर, २०२० मध्ये सुरू झाला, तेरा हजार फुटांवरच्या रोहतांग खिंडीची चढण वाचली वगैरे. बोगद्यात ना बर्फ ना वारा, कबूल. पण बाहेर पडल्यावर सोलंगपर्यंतचा उतार उघड्यावरच आहे, हे आज डोक्यात शिरलं.

पावणेदहाला एकदाचा फोन लागला. पडणाऱ्या बर्फापेक्षा चाकांखाली दाबून गुळगुळीत झालेल्या बर्फाची भीती जास्त, गाड्या आडव्या घसरतायत म्हणाली. मी लगेच, "ड्रायव्हरला सांग, पहिल्या गिअरमध्ये उतरवा, ब्रेक दाबू नका." तीस वर्षं खंडाळ्याचा घाट उतरवलाय, एवढा अधिकार हवाच! ती हसली. "बाबा, काका कुल्लूचे आहेत. तासभर तेच करतायत. मधेच उतरून चाकांपुढे मातीही टाकतात." मी गप्प.

हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. पुढे दिल्लीला गेलं, पण 'सिमला ऑफिस' हे नाव चौकाला चिकटलं ते चिकटलंच. त्याच खात्याचा अंदाज मी शनिवारी वाचला होता: पश्चिमी झंझावात येतोय, हिमाचलात बर्फवृष्टी. भूमध्य समुद्राकडून निघून हे प्रकरण हिमालयापर्यंत येतं, आणि ते सरकलं की उत्तरेचे वारे आपल्याकडे गारठा आणतात. वाचून मनात काय आलं? चार दिवसांनी पुण्यात थंडी वाढणार, माळ्यावरून शाली काढायला हव्यात. लेक त्याच बातमीत निघालीय, हे सुचलंसुद्धा नाही. तिकीट मीच काढून दिलेलं.

सव्वाअकराला मेसेज आला. 'हॉटेलवर पोचलो. मॅगी खाल्ली. झोपते.' हिला दाखवला. चष्मा लावून तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "स्वेटरचं तुम्ही विचारलंच नाहीत."