डावा हात माझा, उजवा तिचा

गेल्या शनिवारी जर्मनीत लाइपझिगच्या आमच्या संगीतशाळेत फोरश्पील झालं. म्हणजे विद्यार्थ्यांनी घरच्यांसमोर वाजवून दाखवायचा कार्यक्रम. मी ४३ वर्षांची, पियानो सुरू करून दीड वर्ष झालेलं. शेजारी व्हायोलिन घेऊन उभी असलेली मुलगी ९ वर्षांची. दोघींनी मिळून बेथोव्हेनचं 'फ्यूर एलिझे' वाजवलं. तेव्हापासून मनात जे चाललंय ते लिहून काढते.

नाव माहीत नसलं तरी ही धून तुम्ही ऐकलेली आहे. अंबाजोगाईला आमच्या गल्लीत डॉक्टरांची गाडी मागे घेताना हीच वाजायची. आईला व्हिडिओ कॉलवर ऐकवली तर लगेच म्हणाली, "हे काय वाजवायलीस गं? डॉक्टरांच्या गाडीचं आहे की हे!" १८१० साली लिहिलेली, बेथोव्हेन गेल्यावर चाळीस वर्षांनी, १८६७ मध्ये छापली गेलेली ही रचना मला अशी बालपणापासून पाठ होती.

म्हणून इथं आल्यावर नवशिक्यांसाठीचं एक पुस्तक घेतलं. सगळ्या प्रसिद्ध रचना सोप्या करून दिलेल्या. चार महिने त्यातलं 'फ्यूर एलिझे' घोटलं आणि आपल्याला ते अख्खं येतं असं समजून चालले होते. मग एका संध्याकाळी मूळ रचना ऐकली आणि अक्षरशः रडू आलं. पुस्तकात फक्त पहिला भाग होता. पुढचे दोन भाग गायब. त्यातल्या शेवटच्या भागात डाव्या हातात खालचा एकच सूर सारखा वाजत राहतो, भजनाआधी पेटीवर सा धरून ठेवतात तसा. तोच काढून टाकलेला! आणि संक्षिप्त केलंय असं मुखपृष्ठावर कुठंही लिहिलेलं नाही.

दिलेल्या भागातही काय केलं होतं बघा. पांढरी सहा, म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी, सा धरला तर सुरुवात अशी: प, तीव्र म, प, तीव्र म, प, रे, शुद्ध म, कोमल ग, सा. दोन्ही मध्यम एका दमात. सूर सा वर येऊन टेकतो तोच डावा हात खालून निघतो, सा प सा, आणि उजवा हात ते वरच्या वर झेलून पुढं नेतो, ग प सां रें. एकच आरोह दोन हातांत वाटून दिलेला. माझ्या मते जीव तिथंच आहे. पुस्तकात डाव्या हाताला एक सा दाबून बसायला सांगितलं होतं, बस्स.

पट्टी बदलल्याचा मात्र मला राग नाही. बेथोव्हेनचाच 'मूनलाइट' सोनाटा (पियानोची एक मोठी रचना) मूळ काळी एकचा, पुस्तकात तो पांढरी सहावर आणलाय. पियानो शिकवणाऱ्या बाईंनी त्याबद्दल जवळजवळ माफीच मागितली. मी म्हटलं, आमच्याकडे गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे पट्टी ठरते, पेटीवाला त्याच्यामागं जातो. त्यांना नवल वाटलं आणि मला अभिमान. त्यांचं म्हणणं, काळ्या पट्ट्यांवर हात वेगळा बसतो, रंग बदलतो. मला ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही.

ओळखीचे लोक म्हणतात, बघ, तिकडे चाळिशीतही शिकायला मिळतं, आपल्याकडे कुठलं! हे मला लागतं. आमच्या गल्लीत मारुतीच्या पारावर गुरुवारचं भजन असायचं. तिथं साठीची आजी आणि सहा वर्षांची मी, दोघींच्याही हातात पहिल्यांदा टाळच आले. आमच्यासाठी अभंग कुणी छोटा केला नाही. अभंग अख्खा व्हायचा, आमच्या वाटणीला त्यातलं सगळ्यात सोपं काम यायचं. पेटीच्या गुरुजींनी दोन वर्षं अलंकारच, म्हणजे सुरांचे पलटेच, घोटून घेतले हे खरं. पण पुढं पेटी सुटली ती बारावीला लातूरला गेले म्हणून. त्यात गुरुजींचा काय दोष?

हे सगळं मी बाईंना सांगितलं, मोडक्या जर्मनमध्ये, टाळांचं हातानं करून दाखवत. त्यांनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, व्हायोलिनचे विद्यार्थीही हीच धून मागतात, पण त्या वाद्याची सर्वांत खालची तार पियानोच्या मधल्या सी या सुराच्या खालच्या जी ची. त्यामुळे डाव्या हातातले खालचे सा आणि प तिथं निघतच नाहीत. बाईंनी मूळ स्वरलिपी काढली आणि पेन्सिलनं वाटणी केली. खालचे तीन सूर मला, वरचे चार त्या मुलीला. एकही सूर बदलला नाही.

त्या मुलीची अडचण पहिल्याच सुरांत. प मोकळ्या तारेवर मिळतो, पण तीव्र म साठी शेजारच्या तारेवर तिसरं बोट ताणून वर ठेवावं लागतं. ते खाली घसरलं की शुद्ध म लागतो आणि सगळं उतरून जातं. मी तिला गाऊन दाखवलं, पा मा पा मा पा. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःच गुणगुणत आली.

शनिवारी दुसऱ्या आवर्तनात बोट घसरलंच. तिनं ते सरकवलं, मी डावा हात थांबवून धरला, मग सा प सा दिलं आणि तिनं ग बरोबर उचलला. समोर बसलेल्यांना कळलंही नसेल.

खाली उतरताना तिनं विचारलं, पुढचा भाग कधी? शेवटच्या भागातला तो खालचा सा मी रविवारपासून धरलाय. मनगट भरून येतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "टाळ वाजवायचीस तेव्हाही दुखायचा की हात तुझा."